साडेसातच्या कुलपाबद्दल

प्रति,
राज्यातील विद्यापीठे आणि महाविद्यालयांची व्यवस्थापने,
मुलींच्या वसतिगृहांच्या सर्व रेक्टर आणि वॉर्डन

विषय : मुलींच्या सुरक्षिततेसाठी म्हणून लावलेली वेळेची बंधने मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला पंचवीस वर्षं झाली. माझी मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्याच वसतिगृहात राहते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिला तिथे अजून दीड वर्ष काढायचं आहे. शिवाय आमच्यातल्या ज्या ज्या सिस्टरच्या मुली बाहेरगावी शिकतात, त्या प्रत्येकीकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकते आहे. म्हणून पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते.

या सत्राच्या सुरुवातीला वसतिगृहाच्या फलकावर नोटीस लागली. सध्याची परिस्थिती पाहता मुलींच्या सुरक्षिततेसाठी मुख्य दार रात्री नऊऐवजी साडेसातला बंद होईल. उशीर झाल्यास घरी फोन जाईल. तीनदा उशीर झाल्यास वसतिगृहाचा प्रवेश रद्द होईल. रविवारी बाहेर जायचं असेल तर वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगितल्यावरच दार उघडेल. दाराशी चेहरा ओळखणारं यंत्र आणि मजल्यामजल्यावर कॅमेरे बसवले जातील. त्याच आवारात, मैदानाच्या पलीकडे, मुलांचं वसतिगृह आहे. तिथे एका टेबलावर रजिस्टर ठेवलेलं असतं, एवढंच.

आधी माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी प्रवेश घेताना नऊच्या नियमाखाली पालक म्हणून मीच सही केली होती. बरं वाटलं होतं. मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर, पुण्यासारखं शहर, तेव्हा कुणीतरी दार लावून घेतंय याचा आधार वाटला. पालकसभेत वेळ आणखी कमी करा म्हणणारे पालक असतात, आणि त्यांच्या मनात काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे. मीही रात्री मोबाइल बघत असते. त्यामुळे सुरक्षिततेची काळजी करू नका, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. काळजीचं ओझं ज्यांनी उचलायचं त्यांनी ते उचललेलं नाही, ते माझ्या मुलीच्या खांद्यावर ठेवलंय, हे सांगायला लिहिते आहे.

मी 1997 साली जीएनएमला, म्हणजे परिचारिकेच्या पदविकेला, प्रवेश घेतला तेव्हा आम्हीही वसतिगृहात राहायचो. संध्याकाळी सातला दाराला कुलूप लागायचं. त्यानंतर समोरच्या टपरीवरून वही आणायलाही बाहेर पडता यायचं नाही. आणि पावणेआठला तेच कुलूप उघडायचं, कारण आमची नाइट आठला सुरू व्हायची. अठरा-एकोणीस वर्षांच्या आम्ही मुली त्याच अंधारातून, त्याच रस्त्याने वॉर्डात जायचो. मध्यरात्री एकटीने रक्तपेढीत जाऊन पिशवी आणायची, पहाटे तीनला प्रेताबरोबर शवागारापर्यंत जायचं. तेव्हा आमच्या सुरक्षिततेबद्दल कुणी काही विचारलं नाही. रुग्णालयाला आमची गरज असली की रात्र चालायची, आम्हाला आमच्यासाठी हवी असली की ती धोक्याची व्हायची. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. माझ्या मुलीच्या लक्षात पहिल्याच वर्षी आलं.

आमच्या पेशात अरुणा शानबाग हे नाव माहीत नाही अशी सिस्टर नसेल. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, तिच्या कामाच्या जागी, तिथेच काम करणाऱ्या माणसाने तिच्यावर हल्ला केला. त्यानंतर 2015 च्या मे महिन्यात जाईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात पडून होती आणि केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला तो कामाच्या ठिकाणी संरक्षण मिळावं म्हणून. परिचारिकांनी रात्रपाळी सोडावी हा त्यावरचा उपाय होऊच शकत नव्हता, कारण मग रुग्णालय कसं चाललं असतं?

पुढे ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, ते तुम्ही वाचलं आहे. त्यानंतर तिथल्या सरकारने महिलांना शक्य तिथे रात्रपाळी देऊ नये, असं सुचवलं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की बायकांनी रात्री काम करू नये असं तुम्ही म्हणू शकत नाही, संरक्षण देणं हे तुमचं काम आहे. ती बातमी मी नाइटला, दोन राउंडच्या मध्ये, मोबाइलवर वाचली. मग शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला फोन करून वाचून दाखवली.

आपल्या राज्याचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदाही हेच म्हणतो. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती हवी आणि तिच्या संरक्षणाची व्यवस्था मालकाने करायला हवी. संमती तिची आणि जबाबदारी मालकाची, असा तो हिशेब आहे. तुमच्या नोटिशीत संमती वडिलांची आहे आणि जबाबदारी मुलीची.

आता तक्रारी सांगते.

सगळ्यात आधी ती रात्र, जिच्यामुळे मी लिहायला बसले. पावसाळ्याच्या अखेरीस मुलीला ताप आला. संध्याकाळी साडेआठला 103 होता. तिच्या मैत्रिणी तिला दवाखान्यात न्यायला निघाल्या, तर दारावरचा गार्ड म्हणाला, मॅडमची परवानगी आणा. मॅडमचा फोन बंद. दुसरा नंबर फलकावर नव्हता. मी त्या वेळी स्त्री-वॉर्डात एकटी होते आणि माझ्याकडे एक्केचाळीस पेशंट होते. एका हाताने सलाइन बदलत मी तीनशे किलोमीटरवरून तिला सांगत होते, पाणी पी, पॅरासिटामॉल घे, ब्रुफेन अजिबात घेऊ नकोस, अंगावर पुरळ दिसतं का बघ, हिरड्यांतून रक्त येतं का बघ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना वेळेवर सलाइन लावलं, आणि माझी मुलगी कुलपाच्या आत तापाने फणफणत होती. सकाळी सहाला दार उघडलं, मग मैत्रिणींनी तिला रिक्षाने नेलं. डेंग्यू निघाला. प्लेटलेट 48 हजार होत्या. चार दिवस ती अॅडमिट होती. बरी झाली. पण त्या रात्री काही बरंवाईट झालं असतं, तर ते तुमच्या नोटिशीतल्या ‘सुरक्षितते’मुळेच झालं असतं.

गार्डवर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने केलं. आत कुणी आजारी पडलं तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कुलपामुळे मुली बाहेरही अडकतात. सप्टेंबरमध्ये ती घरून परत जात होती. हडपसरजवळच्या गर्दीत एसटी अडकली आणि ती सात पन्नासला दारात पोचली. दार बंद. वॉर्डन येईपर्यंत चाळीस मिनिटं ती बॅग घेऊन रस्त्यावर उभी होती. त्या रस्त्यावरचे दोन दिवे कितीतरी महिन्यांपासून बंद आहेत. तिला सुरक्षित ठेवण्यासाठी केलेल्या नियमाने तिला अंधारात उभं केलं. काही मुली उशीर झाला की परतच येत नाहीत. प्रवेश जाईल या भीतीने कुठेतरी, कुणाच्या तरी ओळखीच्या खोलीवर रात्र काढतात. ते ना तुम्हाला कळतं, ना आम्हाला.

घरी जाणाऱ्या फोनबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा फोन कुठे वाजतो ते शहरात बसून कळत नाही. आमच्याकडे मुलगी बारावीनंतर बाहेर शिकायला जाते तेव्हा घरातलं एक माणूस तिच्या बाजूने उभं असतं आणि चारजण वाट बघत असतात. ‘तुमची मुलगी काल रात्री वेळेत परतली नाही’ हे एक वाक्य त्या चौघांना पुरतं. उशीर का झाला, बस बंद पडली की लॅबमध्ये काम होतं, हे कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीतली एक हुशार मुलगी अशाच एका फोननंतर परत आली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तुमच्या दृष्टीने तो नोंदवहीतला एक उशीर होता.

आणि या फोनच्या धाकाने मुली गप्प बसतात. रस्त्यात कुणी छेडलं, रिक्षात कुणी अंगाला हात लावला, तरी सांगत नाहीत, कारण पहिला प्रश्न येणार, तू तिथे किती वाजता होतीस? आमच्या कॅज्युअल्टीत मारहाण झालेल्या बायका येतात. ‘पाय घसरून पडले’ असं सांगतात. का सांगतात ते मला माहीत आहे. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच आधी हिशेब मागणार असेल, तर बाई तक्रार करत नाही. तुमच्याकडे तक्रारी येत नाहीत यावरून मुली सुरक्षित आहेत असं समजू नका.

ओटीपीची गोष्ट थोडक्यात. फॉर्मवर वडिलांचाच नंबर लागतो. माझा दिला तर चालत नाही म्हणाले, आईची संमती पुरत नाही. माझे यजमान शेती करतात, शिवारात रेंज नसते. एका रविवारी ती सकाळी दहापासून एकपर्यंत दारात बसून राहिली. ती वीस वर्षांची आहे. 1989 च्या 61 व्या घटनादुरुस्तीने अठराव्या वर्षी मताचा हक्क दिला आणि गेल्या विधानसभेला तिने मत दिलं. राज्याचं सरकार निवडताना तिला कुणाचा ओटीपी लागला नाही.

कॅमेरे दारावर, कुंपणावर, पार्किंगमध्ये असतील तर माझी हरकत नाही. उलट ते चालू असावेत अशी माझी मागणी आहे. पण मजल्यावरच्या बोळात, न्हाणीघरासमोर कॅमेरा कशाला? आंघोळ करून मुली तिथूनच खोलीत जातात. ते चित्र दाराजवळच्या केबिनमधल्या टीव्हीवर दिवसभर दिसतं आणि कंत्राटदाराची माणसं तिथे बसलेली असतात. किती दिवस साठवता, कोण बघतं, कुणाच्या मोबाइलवर जातं, चेहऱ्यांची माहिती कोणत्या कंपनीकडे आहे? मुलींनी लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये एकमताने सांगितलं आहे. वसतिगृहाच्या पायरीशी तो हक्क संपत नाही.

आणि अभ्यास. कॉलेजचं ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं असतं. प्रोजेक्टची लॅब नऊपर्यंत. साडेसातला तिच्या गटातली तीन मुलं काम करत राहतात आणि ती उठून जाते. त्या लॅबच्या फीमध्ये तिला काही सवलत नाही.

तुम्ही म्हणाल, बाहेर काय चाललंय ते बघा. बघते. ज्या घटनांचा दाखला देऊन तुम्ही वेळ कमी करता, त्या घटना जरा नीट बघू या. फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेटला जो अत्याचार झाला तो पहाटे, आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये. ती मुलगी गावी जाणारी गाडी शोधत होती. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत मुलीवर कोयता उगारला गेला तो सकाळी, भर वस्तीत. तिला वाचवलं ते रस्त्यावर असलेल्या तरुणांनी. त्याच महिन्यात मुंबईत चर्नी रोडजवळच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशय होता तो तिथेच कित्येक वर्षं काम करणाऱ्या माणसावर. त्या वसतिगृहाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. साडेसातच्या कुलपाने यातली एकही घटना टळली नसती. शेवटच्या घटनेत तर धोका कुलपाच्या आतच होता. देशाची गुन्ह्यांची आकडेवारी वर्षानुवर्षं हेच दाखवते की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. मग दारावरच्या, मेसमधल्या, वायरमन म्हणून येणाऱ्या माणसांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलींनी हेही विचारलं होतं. कंत्राटदाराकडे चौकशी करा, असं उत्तर मिळालं.

हे सगळं मी माझ्या मनाने मागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम मे 2016 मध्ये राजपत्रात आले. सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहातल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळे नियम लादू नयेत आणि सुरक्षेच्या धोरणाचं रूपांतर पाळतीत किंवा हिंडण्याफिरण्यावरच्या बंदीत होऊ नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, हेही त्यांतच आहे. केरळमध्ये 2022 साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुली साडेनऊच्या बंधनाविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या. कोंडायचंच असेल तर त्रास देणाऱ्या पुरुषांना कोंडा, अशा अर्थाचं न्यायमूर्ती तिथे बोलले. शेवटी तिथल्या सरकारला मुलामुलींना सारखा नियम करावा लागला, आणि दुसऱ्या वर्षापासून पुढच्यांना नोंद करून उशिरा आत येण्याची मुभा द्यावी लागली. आपल्या मुलींना यासाठी कोर्टात जावं लागू नये.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहाची वेळ एकच असावी. रात्री बाहेर असेल त्याने किंवा तिने कुठे आहे आणि कधी परतणार ते रजिस्टरमध्ये लिहावं. आम्हीही वॉर्ड सोडताना चार्ज देऊनच जातो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

कितीही वाजता परतली तरी मुलीला आत घ्यावं. विचारपूस नंतर करा. दाराबाहेर उभं करण्याची शिक्षा आजपासून बंद व्हावी.

रात्री आजारी पडलेल्या मुलीला परवानगीविना दवाखान्यात जाता यावं. वाहन, चालकाचा नंबर आणि दोन जबाबदार व्यक्तींचे चालू नंबर प्रत्येक मजल्यावर लावलेले असावेत. ही मागणी पुढच्या बैठकीची वाट न बघता याच आठवड्यात पुरी करा.

ओटीपी बंद करा. सज्ञान मुलीच्या घरी फोन करायचा तो आजार किंवा अपघात असेल तर, किंवा तिने सांगितलं तर.

बसथांब्यापासून दारापर्यंतचे दिवे चालू ठेवा. ते महापालिकेचे असतील तर पाठपुरावा तुम्ही करा, मुलींच्या हातून अर्ज लिहून घेऊ नका. ग्रंथालय बंद होईपर्यंत आवारात वसतिगृहापर्यंत गाडी फिरवा.

आत काम करणाऱ्या प्रत्येकाची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी करा आणि ती झाल्याचं लेखी जाहीर करा. बोळातले कॅमेरे काढा. बाकीच्यांचं चित्रण कोण बघणार आणि किती दिवसांनी पुसणार ते फलकावर लावा.

अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावं आणि नंबर भिंतीवर लावा, आणि विद्यार्थी प्रतिनिधी निवडून घ्या, नेमू नका.

यातल्या काही गोष्टींना पैसा लागेल, माणसं लागतील. आमच्या रुग्णालयात वॉर्ड ते कॅज्युअल्टी या वाटेवर दिवे लागायला, ड्युटीरूमला आतून कडी बसायला आणि रात्रीचा सुरक्षारक्षक मिळायला सहा वर्षं अर्ज करावे लागले. त्या सहा वर्षांत एकही रात्र वॉर्ड सिस्टरविना राहिला नाही. तुम्हाला वेळ लागणार असेल तर लागू दे, पण तोवर कुलूप हा उपाय नको.

पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. या वेळी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि तेव्हा केलेल्या सहीचा लेखी फेरविचार सोबत आणणार आहे. इतर पालकांशीही बोलते आहे. तोपर्यंत प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही असं लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.

सभा सकाळी अकराला आहे, म्हणून आदल्या रात्रीच्या एसटीने निघेन आणि पहाटे पाचच्या सुमारास स्वारगेटला उतरेन. मुलगी म्हणते, आई, मी घ्यायला येते. दार सहाला उघडतं, त्यामुळे तोवर मी फलाटावरच थांबेन.

आपली,
एक अधिपरिचारिका आणि पालक
जिल्हा लातूर